काजळीचें कुळ, ताऱ्यांचें घर

ज्या कार्बनाची आपल्या दिव्याची काजळी, त्याच कार्बनाचे साठ परमाणु चेंडूसारखे गुंफले गेले म्हणजे एक पोकळ पिंजरा होतो. तो १९८५ सालीं क्रोटो, कर्ल व स्मॉली यांनीं ओळखला. विजेच्या साहाय्यानें हा पिंजरा एकामागून एक सहा इलेक्ट्रॉन स्वीकारतो, हें १९९२ सालीं दिसून आलें. विद्युद्भार पालटला कीं तो प्रकाशाचा निराळाच भाग गिळतो.

एक इलेक्ट्रॉन गमावलेला पिंजरा ९५७७ व ९६३२ अँगस्ट्रॉमजवळ अवरक्त प्रकाश शोषितो. दूरच्या ताऱ्यांच्या प्रकाशांत तेथेंच तूट असल्याचें १९९४ सालीं आढळलें. परंतु प्रयोगशाळेंतील मापन गोठविलेल्या निऑनमधील होतें. तेवढ्यावरून निर्णय देतां येईना. २०१५ सालीं बाझल येथें वायुरूप, अतिशीत स्थितींत मापन झालें, तेव्हां अनुमानास प्रत्यक्षाचा आधार मिळाला.

राजोडीच्या किनाऱ्यावरून मुलांस तारे दाखवितांना आम्ही आतां मधला काळोखही दाखवितों. तो रिता नाहीं. धुरावरून अग्नि आपण क्षणांत ठरवितों; येथें जाणत्यांनीं एकवीस वर्षें धीर धरला. घरोघरीं ऐकीव वार्ता तत्काळ खरी ठरते, म्हणून वाचकांस विनंती कीं, मुलांस ‘कशावरून?’ हा प्रश्न आधीं शिकवावा.