‘देवघर’ आधी, ‘ग्रीनहाऊस’ नंतर



2000 साली पहिलीपासून इंग्रजी आली, त्याला पाव शतक उलटलं. तरी ‘ब्लॅकबोर्ड’मध्ये सिलॅबल किती, असं विचारलं की वर्गातून उत्तर येतं, चार! पूर्वी मी सरळ फुली मारायचो. पण मूल चुकलं कुठे? ते देवनागरी अक्षरं मोजतंय : ब्लॅ-क-बो-र्ड. अक्षर वेगळं आणि शब्दावयव वेगळा, हे आपणच त्याला सांगितलेलं नसतं.

म्हणून माझं मत, हा पाठ इंग्रजीतून सुरूच करू नये. फळ्यावर ‘देवघर’ लिहा. अक्षरं चार. आता मोठ्याने म्हणत टाळ्या वाजवा : देव-घर. टाळ्या दोनच! मग ‘ग्रीनहाऊस’ घ्या. इथे मुलं हमखास तीन टाळ्या वाजवतात, कारण ‘हा’ आणि ‘ऊ’ वेगळे दिसतात. इंग्रजीत तो एकच घसरता स्वर आहे. म्हणजे टाळ्या दोन.

खरी गंमत जोराची. मराठीत आपण दोन्ही भाग जवळजवळ सारख्याच जोराने म्हणतो आणि तीच सवय इंग्रजीत नेतो. तिथे मात्र अर्थ बदलतो. ‘ग्रीन’वर जोर दिला तर रोपं वाढवायची जागा; ‘हाऊस’वर दिला तर हिरवा रंग दिलेलं कुणाचंही घर. आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या पोरांना पॉलिहाऊस सांगावं लागत नाही, तेव्हा उदाहरण शोधायला लांब कशाला जायचं?

द्राक्षबागेचा शब्दही घ्या. ‘व्हाइन’ आणि ‘यार्ड’ जोडून आपण ‘व्हाइनयार्ड’ म्हणतो. उच्चार आहे ‘व्हिन्यर्ड’. सगळा जोर पहिल्या भागावर गेला, ‘यार्ड’ दुबळा झाला. ‘कप’ आणि ‘बोर्ड’चं ‘कबर्ड’ झालं ते असंच; तो शब्द तर घरोघरी बरोबर म्हणतात, स्पेलिंग न बघता शिकले म्हणून!

पहिल्या भागावर जोर, हा नियम बहुतेक जोडनामांना चालतो, सगळ्यांना नाही. नावात ‘स्ट्रीट’ असेल तर जोर आधीच्या शब्दावर, ‘रोड’ असेल तर ‘रोड’वरच. याला कारण विचारू नका, तिकडची जीभच तशी वळते.

आणि हो, कागदावर रेघा मारून शब्द तोडायला दोन गुण ठेवत असाल, तर त्यातला एक तरी तोंडी ठेवा.