आगगाड्यांचा कारभारी

आमच्या वाशीमच्या फलाटावरून मालगाडी गेली, की मला आइकमन आठवतो. मूळचा तेल-कंपनीचा फिरता विक्रेता! १९३२ साली हे गृहस्थ नाझी पक्षात शिरले आणि यहुद्यांच्या हद्दपारीचे कारभारी झाले. काम काय, तर गाड्या, डबे, वेळापत्रके. १९४४ मध्ये हंगेरीतून दोनेक महिन्यांत चार लाखांहून अधिक माणसे रवाना झाली, बहुतेक आउश्वित्झला. १९६० साली तो अर्जेंटिनात सापडला. जेरुसलेमच्या कोर्टात म्हणे, मी केवळ हुकूम पाळले! १९६२ मध्ये त्याला फाशी झाली.

वाचकहो, कोकणात एकेकाळी तेलाचे घाणे चालवणारे, अस्खलित मराठी बोलणारे आपले ‘शनिवार तेली’, तेही यहुदीच. हिटलरची फौज इथवर पोचती, तर त्यांच्याही डब्यांचा हिशेब कुणीतरी असाच मन लावून मांडला असता.