नवी आवृत्ती, जुनी फाइल

चंदीगडच्या सेक्टर २२ मध्ये एक छोटा व्हिडिओ स्टुडिओ आहे, असे समजा. एका लग्नाची फिल्म अर्धीअधिक कापून-जोडून झालेली. तेवढ्यात मालकाने संपादनाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. जुनी फाइल तिच्यात सहज उघडली, थोडे काम करून सेव्हही झाली. उरलेले काम मोहालीच्या सहकाऱ्याकडे गेले. त्याच्याकडे जुनीच आवृत्ती. फाइल काही उघडेना! वधूपित्याला दिलेली तारीख दोन दिवसांवर.

असे का होते? प्रोजेक्ट फाइलमध्ये सहसा चित्रीकरण नसतेच. कोणता तुकडा कुठून कुठवर घ्यायचा, याची ती नोंदवही असते. नवी आवृत्ती जुनी नोंद बहुधा वाचते. जुनीला नवी नोंद कळत नाही. कधी नवीही हात वर करते. अ‍ॅपलने जून २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्स आणले, तेव्हा त्यात फायनल कट प्रो ७ चे प्रोजेक्ट उघडत नव्हते.

म्हणून हाती घेतलेले काम जुन्या आवृत्तीतच पुरे करावे. बदलापूर्वी प्रोजेक्टची वेगळी प्रत ठेवावी, जुनी आवृत्ती लगेच पुसू नये. दुसरीकडे काम देताना एक्सएमएल किंवा ईडीएल नोंद उपयोगी पडते. मात्र सगळे इफेक्ट तिच्यातून जातीलच असे नाही.

आणि घरच्यांनी? तयार फिल्मबरोबर मूळ चित्रीकरणही मागून घ्यावे. प्रोजेक्ट रुसला, तरी मुलीच्या पाठवणीचा क्षण हाती राहील.