आर-३४ स्कायलाइन अजून धावते ती कुणाच्या जिवावर? जुन्या जपानी गाड्यांच्या पार्ट्सचं गणित

निसान सध्या अडचणीत आहे हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. मे २०२५ मध्ये कंपनीने एकूण २० हजार नोकऱ्या कमी करणार आणि १७ कारखाने १० वर आणणार असं जाहीर केलं. जुलैमध्ये जपानमधल्या ओप्पामा कारखान्याचा नंबर लागला. तिथे गाड्या बनणं मार्च २०२८ पर्यंत थांबेल. चर्चा साहजिकच नोकऱ्यांची आणि नव्या मॉडेल्सची झाली. पण स्कायलाइन जीटी-आर बाळगणाऱ्या लोकांना वेगळीच चिंता आहे. या गाडीचं उत्पादन २००२ मध्ये संपलं, तरी तिचे बरेच पार्ट्स आजही निसानच बनवून देते. हे किती दिवस चालेल? ही शंका आहे, बातमी नाही. पण खर्चकपात आली की जुनं प्रॉडक्ट सांभाळणाऱ्या टीमचं काय होतं, हे आयटीत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आधी या गाड्यांची मागणी अचानक का वाढली ते बघू. अमेरिकेत १९८८ चा एक कायदा आहे. तिथल्या सुरक्षा नियमांत न बसणारी गाडी साधारणपणे आयात करता येत नाही, पण तीच गाडी २५ वर्षांची झाली की सूट मिळते. आर-३२ स्कायलाइन १९८९ ची, म्हणून ती २०१४ पासून तिकडे जाऊ लागली. आर-३४ जानेवारी १९९९ ची, म्हणजे जानेवारी २०२४ पासून पहिल्या गाड्या मोकळ्या झाल्या. 'फास्ट अँड फ्युरियस' आणि गेम्स बघत मोठी झालेली पिढी आता कमावती आहे. २००९ च्या सिनेमात पॉल वॉकरने चालवलेली आर-३४ मे २०२३ मध्ये लिलावात साडेतेरा लाख डॉलरला गेली. तो अपवाद धरला तरी साध्या जीटी-आरच्या किमतीही वरच आहेत. उलट जपानमध्ये १३ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाडीला वाहनकर सुमारे १५ टक्के जास्त लागतो. म्हणजे तिकडे जुनी गाडी ठेवणं महाग आणि बाहेर गिऱ्हाईक तयार. गाडी परदेशात गेली की तिचे पुढे भंगारातून मिळू शकणारे पार्ट्सही देशाबाहेर गेले. ही बाजू सहसा कुणी मोजत नाही.

नक्की काय खराब होतं?

लोकांना वाटतं जुन्या गाडीचं इंजिन जातं. आरबी२६ हे जीटी-आरचं २.६ लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोचं इंजिन. त्याचा लोखंडी ब्लॉक नीट ऑइल बदललं तर सहज टिकतो. आधी जातं ते रबर, प्लास्टिक आणि वायर. होज कडक होतात, बुश फाटतात, डॅशबोर्डला तडे जातात. सगळ्यात वाईट म्हणजे वायरिंगचं हार्नेस. ३० वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहून कनेक्टरचं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं आणि मग गाडी कधी चालू, कधी बंद. असा फॉल्ट शोधणं म्हणजे कधीतरीच येणारा बग शोधण्यासारखं.

दुसरी गोष्ट ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या छोट्या कॉम्प्युटरची. नव्वदच्या दशकातल्या अनेक ईसीयूंमध्ये, मित्सुबिशीच्या काही मॉडेल्समध्ये तर जास्तच, बोर्डवरचे कॅपॅसिटर गळतात. आतलं रसायन बाहेर येऊन तांब्याचे ट्रॅक खातं. बॉक्स उघडला की कुजक्या माशासारखा वास येतो. कॅपॅसिटर काही रुपयांचा असतो आणि मोबाइल दुरुस्त करणारा कुणीही तो बदलू शकेल. पण ट्रॅक खाल्ला गेला असेल तर अख्खा ईसीयू शोधावा लागतो, आणि नवा मिळतोच असं नाही.

साच्याशिवाय पत्रा

इथे कंपन्या परत मैदानात आल्या. माझदाने २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी दुरुस्तीची योजना जाहीर केली. त्यासाठी जुन्या डिझाइनचे टायर आणि लाकडी स्टिअरिंगसुद्धा पुन्हा बनवले. निसानच्या निस्मोने त्याच वर्षी आर-३२ साठी हेरिटेज पार्ट्स आणले, नंतर आर-३३ आणि आर-३४ साठीही. टोयोटाने २०२० मध्ये सुप्रापासून सुरुवात केली आणि पुढे २०००जीटी, एई८६ कोरोला वगैरे घेतल्या. 'इनिशिअल डी' वाचलेल्यांना एई८६ ची ओळख करून द्यायला नको.

यातला मला सगळ्यात भारी वाटलेला भाग पत्र्याचा आहे. गाडीचं पॅनेल बनवायला प्रचंड वजनाच्या प्रेसमध्ये बसणारा डाय लागतो. तो बनवणं इतकं महाग असतं की हजारो पॅनेल विकले तरच परवडतं. वर्षाला पन्नासच गिऱ्हाइकं असतील तर कोण बनवणार? निसानने २०१९ मध्ये यावर एक पद्धत दाखवली. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रोबो उभा राहतो. दोघं हिऱ्याचा लेप दिलेल्या टोकांनी पत्रा थोडा थोडा दाबत जातात आणि हवा तो आकार येतो. साचा नाही, फक्त प्रोग्राम. आपला डेंटिंगवाला एका हाताने मागून आधार देऊन दुसऱ्या हाताने हातोडी मारतो, तेच काम, फक्त कॉम्प्युटरच्या अचूकतेने. बंद झालेल्या मॉडेल्सचे पार्ट्स कमी संख्येने बनवणं हाच एक उपयोग कंपनीने तेव्हा सांगितला होता.

पण याचा अर्थ सगळ्या जुन्या गाड्या वाचल्या असा नाही. यादी नीट बघा. जीटी-आर, सुप्रा, रोडस्टर, एई८६. ज्यांचे फॅन्स पैसे मोजतात त्याच गाड्या. ज्या साध्या सिव्हिकने, लान्सरने किंवा कोरोलाने लोकांना २५ वर्षं ऑफिसला पोचवलं, तिच्यासाठी कुठलीच हेरिटेज योजना नाही. तिथे मालकांनाच शोधाशोध करावी लागते.

पार्ट नंबर हीच खरी चावी

अशा शोधात सगळ्यात उपयोगी पडतो तो पार्ट नंबर. टोयोटाचा नंबर साधारण पाच अधिक पाच अक्षरांचा असतो. पहिले पाच पार्टचा प्रकार सांगतात. ०४४६५ म्हणजे पुढचे ब्रेक पॅड. पुढची अक्षरं कुठल्या गाडीसाठी, कुठलं व्हर्जन ते सांगतात. जुना नंबर बंद होऊन त्या जागी नवा येतो, आणि ती साखळी माहीत असेल तर 'मिळत नाही' म्हटलेली वस्तू नव्या नंबराने मिळू शकते. जपानमधल्या लिलावाच्या साइटवर फोटो बघून मागवण्यापेक्षा आधी नंबर जुळवा. फोटो सारखे दिसणारे दोन पार्ट एका बोल्टच्या फरकाने निरुपयोगी ठरतात.

मॉडिफिकेशनमध्येही माहिती ज्याच्याकडे, गाडी त्याच्या हातात. १९९२ ते ९५ च्या सिव्हिकमधला पी-२८ नावाचा ईसीयू जगभर प्रसिद्ध झाला, कारण त्यात २८ पायांचा सॉकेट बसवून ३२ केबीची चिप लावता येते. ३२ केबी! तुमच्या फोनमधला एक फोटो याच्या शंभरपट असतो. त्या चिपमध्ये तक्ते असतात: इतक्या आरपीएमला, इतक्या लोडला, इतकं पेट्रोल, आणि ठिणगी इतक्या अंशांवर. हौशी लोकांनी ते वाचून कुठला बाइट काय करतो हे शोधलं, म्हणून आज त्या सिव्हिकचा ईसीयू घरी बसून ट्यून करता येतो.

मात्र तक्ता बदलला म्हणजे धातू बदलला असं होत नाही. आर-३२ आणि आर-३३ जीटी-आरच्या मूळ टर्बोमध्ये एक्झॉस्टकडचं चाक सिरॅमिकचं असतं. हलकं असल्याने ते पटकन फिरतं, पण बूस्ट फार वाढवला की तुटतं. सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा बदलायला दोन मिनिटं लागतात, नंतर दोन्ही टर्बो काढायला दोन दिवस.

भंगारातली एअरबॅग

सेकंडहँड दरवाजा, आरसा, सीट खुशाल घ्या. एअरबॅग अजिबात नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे प्रवाशावर उडायचे. त्यातून जगातलं सगळ्यात मोठं रिकॉल झालं आणि २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. २००१ ते २००३ च्या काही होंडा गाड्यांतल्या इन्फ्लेटरच्या चाचण्यांत फुटण्याचं प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत निघालं. भारतातही होंडाने यासाठी गाड्या परत बोलावल्या. भंगारात आलेल्या स्टिअरिंगमधली एअरबॅग कुठल्या गाडीची, बदललेली की जुनीच, हे दुकानदारालाही माहीत नसतं. आणि कोकण, गोवा, मुंबईची हवा कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे.

आपल्याकडे काय?

आर-३४ विसरा. आपल्याकडे सेकंडहँड गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. पण आपल्याही जुन्या जपानी गाड्या आहेत: १९९८ ची होंडा सिटी आणि नंतर आलेली तिची व्हीटेक आवृत्ती, हिंदुस्तान मोटर्सने बनवलेली लान्सर, मारुतीची जिप्सी, झेन, एस्टीम. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात यांचे पार्ट्स शोधणारी तरुण मंडळी आजही भेटतात.

त्यांच्यापुढे दोन अडचणी आहेत. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी पाच हजारांवरून १० हजार रुपये झाली. दुसरी म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की नोंदणीच्या वेळच्या मूळ रचनेपासून वेगळं होईल असं मॉडिफिकेशन चालणार नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. घासलेल्या ब्रेक पॅडच्या जागी तसाच पॅड लावणं ही दुरुस्ती, त्याला कुणी अडवत नाही. पण मूळ पार्टच मिळत नाही म्हणून दुसऱ्या मॉडेलचा जुळवून बसवला तर? आमच्या ओळखीच्या व्हीटेकवाल्यांपैकी बऱ्याच जणांच्या गाडीत असा एखादा पार्ट आहे. फिटनेस तपासणीच्या दिवशी समोरचा इन्स्पेक्टर त्याला दुरुस्ती म्हणेल की मॉडिफिकेशन, हे त्यांना दरवेळी तिथे गेल्यावरच कळतं.