भुकेवर खापर फोडू नका

‘बंबई मेरी जान’ २०२३ साली आली. पहिल्या पर्वाचे दहा भाग. डोंगरीतला इस्माईल कादरी इमानदार पोलीस. त्याचाच मुलगा दारा गुंडांचा म्होरक्या होतो. के के मेनन यांनी बाप जीव ओतून उभा केलाय. माझी तक्रार अभिनयाबद्दल नाही, कथेच्या हिशेबाबद्दल आहे. बापाने इमान राखलं म्हणून घरात उपासमार, आणि उपासमारीमुळे मुलगा गुन्हेगार!

हा हिशेब खोटा आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यात कित्येक आयांनी बिड्या वळून लेकरं शिकवली. भूक त्यांच्याही घरी होती. ती लेकरं मास्तर झाली, मेकॅनिक झाली. दारा झाली नाहीत. गुन्ह्याचं खापर भुकेवर फोडणं म्हणजे प्रत्येक गरिबावर संशय घेणं. मुसलमान गरिबावर तर तो आधीपासूनच आहे.

मालिका मोठ्यांसाठी आहे, पण मोबाइलवरचे तुकडे पोरांपर्यंत पोहोचतात. माझ्या वर्गात दाराची नक्कल सगळ्यांना येते, इस्माईलची कुणालाच नाही. दोष पोरांचा नाही. कॅमेराच दाराच्या मागे धावतो.

शहापूरच्या पालकांनो, नुसता मोबाइल हिसकावू नका. दादीने किती हजार बिड्या वळून अब्बाची फी भरली, तेही पोरांना सांगा.