गारगोटीचे गाळे आणि दलालाची जात

गारगोटीच्या पेठेत गाळा भाड्याने हवा असेल तर पेपरमधली जाहिरात पाहावी लागत नाही, चहाच्या गाड्यावर विचारले की एजंटाचा नंबर मिळतो. भुदरगड तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. तहसील कचेरी, एस.टी. स्टँड आणि मौनी विद्यापीठ यांच्या आधाराने येथील दुकानदारी वाढली. नोकरभरती आटल्यामुळे आमच्या वस्तीतील शिकलेली मुलेही या धंद्यात उतरत आहेत. त्याचे स्वागतच केले पाहिजे.

असाच एक तरुण आमच्याकडे आला. कागद म्हणून त्याच्याजवळ डायरीची दोन पाने होती. त्याने महिनोन् महिने गाळा दाखवला, उतारा काढून आणला, मालक आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसवले. सौदा ठरताच दोघांनी परस्पर करार केला आणि कमिशन मागायला गेल्यावर "तुझा काय संबंध?" असे ऐकवले. अशी टांग कोणत्याही दलालाला बसू शकते. पण ज्याच्यामागे भावकी आणि सोसायटीचे संचालक उभे असतात त्याचे पैसे बुडवायला कोणी धजत नाही. आमच्या मुलामागे कोण?

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट त्याने जाता जाता सांगितली. गाळा दाखवण्याआधी मालक विचारतो, गिऱ्हाईक कोणत्या समाजाचे? म्हणजे आपल्याच माणसाला दारातून परत पाठवण्याचे काम आपल्याच पोराने करायचे, आणि त्याच मालकाकडून कमिशनची आशा धरायची!

बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार कोणत्या जातीचा हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. विश्वासावर चालणाऱ्या धंद्यात पदवीआधी जात तपासली जाते, ती अशी. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिले आणि स्वतः तेथे चहा घेतला, कारण नुसत्या परवानगीने गिऱ्हाईक येणार नव्हते हे त्या राजाला ठाऊक होते.

आता कायदा पाहू. 2016 च्या रेरा कायद्याने एजंटाची नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात व्यक्तीसाठी फी 10,000 रुपये आहे आणि 2023 पासून प्रशिक्षण व परीक्षाही आली. परंतु जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा गाळे 8 पर्यंत असतील तर तो प्रकल्प नोंदणीतून सुटतो. भाड्याचा आणि जुन्या गाळ्याच्या फेरविक्रीचा सौदाही त्यात येत नाही. तालुक्याच्या गावात दलालाची भाकरी मात्र याच सौद्यांवर चालते! म्हणजे मुंबई-पुण्याच्या एजंटासाठी प्राधिकरण, आणि आमच्यासाठी दिवाणी दावा.

दावा चालतो, हे मात्र लक्षात ठेवावे. 1872 च्या करार कायद्यात तोंडी करारही करारच असतो, अडचण पुराव्याची येते. म्हणून गाळा दाखवण्यापूर्वी एका कागदावर टक्का किती, तो कधी देणे आणि परस्पर सौदा केला तरी देणे, एवढे लिहून सही घ्यावी. सही मिळाली नाही तर व्हॉट्सॲपवर लिहून 'होय' मिळवावे. तोही पुरावा धरता येतो, फक्त सोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. मुदत तीन वर्षांची आहे.

जातीच्या प्रश्नाला उत्तर इतके सोपे नाही. घटनेच्या कलम 15(2) मध्ये 'दुकान' हा शब्द आहे. 29 नोव्हेंबर 1948 रोजी घटना परिषदेत बाबासाहेबांनी त्याचा अर्थ व्यापक केला: जो कोणी आपली सेवा लोकांपुढे मांडतो, त्याची जागा म्हणजे दुकान. मग 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावून लोकांपुढे ठेवलेला गाळा त्या अर्थाबाहेर कसा, हा मुद्दा कोर्टात मांडायला हवा असे आमचे मत आहे. त्यासाठी नकार कागदावर आणणारा अर्जदार हवा. आजवर आमच्याकडे आलेल्यांनी तोंडी नकार सोसला आणि दुसरी गल्ली धरली.

त्या तरुणाच्या वतीने आम्ही नोटीस पाठवली आहे. उत्तर आलेले नाही. दरम्यान दुसऱ्या एका मालकापुढे त्याने सहीचा कागद ठेवला. मालक हसला, सही केली नाही. त्यानेही गाळ्याची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून आला.