बंदरावरची एक रात्र

"मुंबईला चाललाव? काहून बाई, कोण आजारी हाय?"

देवगिरी एक्सप्रेसमध्ये समोरच्या बाकावरच्या आजींनी विचारलं. आम्ही बचत गटातल्या सहा जणी होतो. डिसेंबर २०२३ची गोष्ट. "कोणी आजारी नाही आजी, समुद्र बघायला चाललो," असं मी सांगितलं. आजी गप्प झाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "बघा बघा. मी दोनदा टाटाला जाऊन आले, मालकाला घेऊन. समुद्र काही दिसला नाही."

मैत्रिणींनो, आजींचं हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आपल्या नांदेड-लातूरकडच्या बायका मुंबईला कशाला जातात? दवाखान्याला, मंत्रालयातल्या कामाला, नाही तर नात्यातल्या लग्नाला. उतरायचं कुठं? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, आमदार निवासात कुणाच्या तरी चिठ्ठीवर मिळालेला कोपरा, नाही तर कळव्या-डोंबिवलीला चुलत नणंदेच्या दीड खोलीत. समुद्र तिथून तासाभराच्या अंतरावर असतो, पण 'तो बघायचाय' असं म्हणायची लाज वाटते. पुरुषांचं तसं नसतं. काम झालं की ते संध्याकाळी सहज मरीन ड्राइव्हला फिरून येतात. आपण मात्र नणंदेच्या घरी पोळ्या लाटत असतो.

म्हणून आज मला एका साध्या गोष्टीबद्दल लिहायचंय. आयुष्यात एकदा तरी बाईनं स्वतःच्या पैशानं, बंदराजवळच्या हॉटेलात एक रात्र राहून यावं. आणि तिला ती खोली सन्मानानं मिळावी.

हे शेवटचं वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही. २०१६चा जून होता. मुलीच्या प्रवेशाच्या मुलाखतीसाठी आम्ही दोघी मायलेकी पहिल्यांदाच एकट्या मुंबईला गेलो होतो. सकाळी गाडीतून उतरलो, कुलाब्यात आलो. बाहेर पाऊस धो धो. गेटवेच्या मागच्या गल्लीतल्या एका लॉजमध्ये शिरलो. काउंटरवरच्या माणसानं आमच्याकडं न बघता विचारलं, "जेंट्स कोण आहे सोबत?" कोणी नाही म्हटल्यावर त्यानं रजिस्टर मिटलं. "एकट्या लेडीजला रूम देत नाही." मी म्हटलं, "अहो, आम्ही दोघी आहोत, एकटी कुठं?" तर हसला. त्याच्या हिशेबात दोन बाया म्हणजेही एकटीच!

मुलीसमोर झालेला तो अपमान मी विसरलेले नाही. बॅगा घेऊन आम्ही पावसात उभ्या राहिलो. दोन इमारती सोडून दुसऱ्या हॉटेलात गेलो. तिथं ओळखपत्र मागितलं, सही घेतली आणि पाच मिनिटांत किल्ली हातात दिली. म्हणजे अडचण कायद्याची नव्हती, नजरेची होती.

घरी आल्यावर मी आमच्या एका वकील ताईंना विचारलं. त्यांनी संविधान उघडून अनुच्छेद १५ दाखवला. त्याच्या दुसऱ्या भागात स्पष्ट लिहिलंय की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या ठिकाणी मज्जाव करता येणार नाही. मी बी.ए.ला राज्यशास्त्र शिकले होते, परीक्षेत मार्कही मिळवले होते. पण 'हॉटेल' हा शब्द संविधानात आहे हे काही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. आता मात्र चांगलंच राहिलंय. 'आमचा नियम आहे' असं कोणी म्हटलं, तर "लेखी द्या" एवढंच म्हणायचं. बहुतेक वेळा नियम तिथंच संपतो.

गेटवेसमोरच्या ताज महाल हॉटेलची गोष्टही बघा. जमशेटजी टाटांना गोरे नाहीत म्हणून एका हॉटेलात प्रवेश नाकारला आणि त्या रागातून त्यांनी ताज बांधलं, असं सांगतात. ती कहाणी खरी की खोटी यावर जाणकारांत एकमत नाही. पण ताज १६ डिसेंबर १९०३ला उघडलं हे खरं. समोरचं गेटवे ऑफ इंडिया तर त्यानंतर जवळपास एकवीस वर्षांनी, १९२४मध्ये पुरं झालं. कहाणी लोकांना इतकी आवडते, कारण दारातून परत पाठवल्याचं दुःख सगळ्यांना कळतं. मग बाईला परत पाठवल्याचं का कळू नये?

असो. रागावून घरी बसण्यापेक्षा तयारीनं जाणं बरं. आमच्या सहा जणींच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, हिशेब. नांदेडहून देवगिरी किंवा लातूरहून मुंबई एक्सप्रेस, दोन्ही रात्रभर चालतात आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सोडतात. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी सकाळी पोचायचं, शनिवारची रात्र हॉटेलात, रविवारी रात्री परतीची गाडी. म्हणजे खोलीचं भाडं एकाच रात्रीचं, आणि मुंबई पुरे दोन दिवस! आमच्या गटानं भिशीसारखे महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले, वर्षभरात जमले. गावाकडून नांदेड-लातूरला यायला एसटी आहेच. १७ मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे.

दुसरी गोष्ट, वेळ. गाडी सकाळी पोचते आणि हॉटेलवाले खोली देतात दुपारी बाराला, कुठं दोनला. याचा विचार न करता गेलं की मग स्टेशनवर ताटकळायचं. फोन करतानाच विचारून ठेवा : 'चेक-इन किती वाजता? लवकर आलो तर सामान ठेवता येईल का? आंघोळीची सोय होईल का?' निघायच्या दिवशी खोली सकाळी सोडायची असते आणि गाडी रात्रीची, तेव्हाही सामान रिसेप्शनला ठेवता येतं का ते विचारा. नाही तर स्टेशनवर क्लोक रूम आहे, फक्त बॅगेला कुलूप पाहिजे.

तिसरी गोष्ट, फोनवर स्पष्ट बोलणं. "आम्ही सहा जणी बायकाच आहोत, पुरुष सोबत नाही" हे आधीच सांगा. ज्याला नाही म्हणायचंय तो फोनवरच म्हणेल; पावसात उभं राहण्यापेक्षा बरं. मादाम कामा रोडवर वायडब्ल्यूसीए ही मुळात बायकांसाठी काम करणारी संस्था आहे, तिथं राहण्याची सोय असते. प्रत्येकीचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, नुसती झेरॉक्स चालत नाही. आरक्षण झालं की मोबाइलवर लेखी मागून घ्या.

आता बंदराकडची खोली. जाहिरातीत 'सी व्ह्यू' लिहिलेलं असतं आणि खिडकीत मान वाकडी केल्यावर बोटभर पाणी दिसतं! म्हणून खोली आधी बघा, मग सही करा. आणि हे लक्षात ठेवा की अपोलो बंदर मुंबईच्या पूर्वेच्या अंगाला आहे. सूर्य मावळताना बघायचा तर मरीन ड्राइव्ह. बंदरावर सूर्य उगवतो. समुद्राकडची खोली महाग वाटली तर मागच्या बाजूची घ्या आणि पहाटे साडेसहाला सरळ गेटवेच्या कठड्यापाशी जाऊन उभ्या राहा. आम्ही तेच केलं. नांगर टाकून थांबलेली जहाजं, पलीकडं घारापुरीचा डोंगर, पाण्यावर पांढरे पक्षी... फुकट!

खोलीत शिरल्यावर आतली कडी लागते का, फोन चालतो का, हे आधी बघायचं. दारावर टकटक झाली तर रिसेप्शनला फोन करून खात्री करायची. अडचण आली तर ११२ आहेच, मुंबईत बायकांसाठी पोलिसांचा १०३ हा क्रमांकही आहे.

बिलाचंही सांगते. २२ सप्टेंबर २०२५पासून रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, पूर्वीसारखा १२ नाही. जेवणाच्या बिलात 'सर्व्हिस चार्ज' लावला असेल तर तो द्यायचा की नाही हे आपल्या मर्जीवर. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये तसंच म्हटलंय. बाकी आपली धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत असतेच, दोन दिवस छान टिकतात. पापड-चिवडा मात्र डबा घट्ट लावून ठेवा, बंदरावरच्या दमट हवेत तासाभरात मऊ पडतात. धुतलेली साडीही तिथं रात्रीतून वाळत नाही.

घारापुरीला जायचं तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. रविवार आपल्याला सोयीचा, पण गर्दी असते, तेव्हा सकाळच्या बोटीनंच निघा. तासाभराचा प्रवास आहे. धक्क्यावरून वर शंभरावर पायऱ्या आहेत, गुडघेदुखीवालीनं सावकाश चढावं. खायचं हातात धरू नका, माकडं हिसकावून नेतात. वर गेल्यावर मात्र वीस फुटी त्रिमूर्तीसमोर दोन मिनिटं गप्प उभ्या राहा. परतीची शेवटची बोट केव्हा, ते उतरतानाच विचारा. आणि लाइफ जॅकेट! आम्ही गेलो तेव्हा ती बाकाखाली पडलेली होती, घाला असं कोणी म्हटलं नाही, आम्हीही घातली नाहीत. वर्षभरानं, १८ डिसेंबर २०२४ला, घारापुरीलाच निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि दहापेक्षा जास्त माणसं गेली. ती बातमी बघताना माझे हातपाय गार पडले. साडीवर जॅकेट कसं दिसेल याचा विचार करू नका, बसल्याबरोबर घाला. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा बोटीचा हट्टच नको.

हे सगळं झाल्यावर शेवटी प्रश्न येतोच, "एवढे पैसे घालवून काय मिळालं?" माझ्या सासूबाईंनीही विचारलं, शेजारणीनंही. "नातेवाईक असताना हॉटेलात कशाला?" असंही. मला वाटतं, हा प्रश्न त्या नणंदेच्या बाजूनंही बघावा. लोकलनं नोकरीला जाणारी बाई, दीड खोलीचं घर, आणि त्यात आपण सहा जणी! तिला भेटायला जरूर जावं, दोन तास गप्पा माराव्यात, चहा घ्यावा आणि आपल्या खोलीवर परत यावं. पाहुणचार एका बाईच्या कंबरेवरच पडतो, हे आपल्याला नाही कळणार तर कोणाला?

आणि मिळालं काय? सकाळी उठल्यावर आमच्यातल्या एकीनं सगळ्यांच्या पलंगावरच्या चादरी झटकून घड्या घातल्या, कपही विसळून ठेवले. खोली साफ करायला आलेली मुलगी हसून म्हणाली, "मावशी, राहू द्या की, ते माझं काम आहे." आमची ही मैत्रीण एकदम रडायलाच लागली. पन्नाशीच्या या बाईला 'राहू द्या' असं आजवर कोणी म्हटलेलंच नव्हतं.

आमच्या गटातल्या सर्वांत मोठ्या मावशी लातूरच्या. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून लातूरला पाणी आलं, तेव्हा टँकरपुढं घागर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं, तो आकडा त्यांना अजून पाठ आहे. गेटवेच्या कठड्याला धरून त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "एवढं पाणी! अन् आपल्याकडं रेल्वेनं आणावं लागलं बघा." पुन्हा थोड्या वेळानं, "खारट हाय म्हणा. पण बघायला काय जातंय?"

खरंच, बघायला काय जातंय? एक रात्र, थोडे पैसे आणि घरच्यांची दोन दिवसांची कुरबुर. येत्या संक्रांतीला वाण लुटताना एकमेकींना विचारा, कोणाकोणानं समुद्र बघितलाय. ज्यांनी नाही बघितला त्यांची यादी करा, भिशी सुरू करा. आणि काउंटरवर कोणी "जेंट्स कोण आहे?" असं विचारलंच, तर ओळखपत्र पुढं सरकवून शांतपणे सांगा, "आम्ही आहोत ना!"